उंबरवाडीचा खडीचा ठेका

सिंधु नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आली, तेव्हा तिच्या बापाच्या पेटीवर लोणच्याची बरणी ठेवलेली होती. नणंद-भावजयीच्या पुढच्या सगळ्या कर्तृत्वाची सुरुवात या बरणीपासून झाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आता दोघींचं नाव झाल्यावर लोक खुशाल ठोकून देतात, की त्या पहिल्यापासून जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. कसल्या मैत्रिणी! दीड वर्ष एका चुलीची भाकरी खाऊन धड बोलत नव्हत्या एकमेकींशी.

पेटी होती ग्यानोबाची, म्हणजे सिंधुच्या बापाची. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं घरणी नदीच्या काठाला उंबरवाडी, तिथला हा माणूस जलशात पेटी वाजवायचा. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेला तो पेटी खांद्यावर टाकून. लोक म्हणाले, एवढं ओझं कशाला? तर म्हणाला, "तिला बी दीक्षा घ्यायची हाय." असा माणूस. जलशात बायकांना घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून सिंधु शिकली ती घरातच, बापाच्या समोर बसून. बोटं पोचत नव्हती तेव्हापासून. आपल्या उस्तादाचं नाव निघालं की ग्यानोबा कानाच्या पाळीला हात लावायचा. पोरीलाही त्यानं तेच शिकवलं. "ज्याच्यापासून घेतलं त्याचं नाव घेताना कानाला हात लावावा, बाई. न्हाईतर इद्या टिकत न्हाई."

ग्यानोबा वारला, आणि वर्षभरानं सिंधुच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली. सवतीच्या हाताखाली राबायचं सिंधुला जमलं नाही. ती बोचकं घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिली. भाऊ शेषेराव गरीब माणूस, "ये" म्हणाला. त्याची बायको पारूबाई काहीच म्हणाली नाही. सिंधुनं घरात पाय ठेवला, फळीवर पेटी बघितली, पेटीवरची बरणी बघितली, आणि बरणी उचलून खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी खाली. असं किती दिवस चाललं याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण लोणचं त्या वर्षी लवकर नासलं एवढं खरं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्या दुष्काळाचं वर्णन मी करत बसत नाही. ज्यांनी बघितला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी बघितला नाही ते जेवताना ताटात टाकतात, त्यांना सांगून उपयोग नाही. घरणी कोरडी पडली. विहिरीत बादली सोडली की खडकावर आपटल्याचा आवाज यायचा. सरकारनं रस्त्याची कामं काढली आणि अख्खी उंबरवाडी खडी फोडायला माळावर जाऊन बसली. बौद्धवाड्यातल्या बाया होत्या, तशा गावातल्या जमीनवाल्यांच्याही होत्या. ज्यांनी कधी उंबऱ्याबाहेर काम केलं नव्हतं, त्या पदर नाकापर्यंत ओढून घण मारत होत्या. त्यांच्यात सरजाबाई होती, चाळीस एकराची मालकीण. पहिल्या दिवशी ती माळावर आली तेव्हा सगळ्यांनी मान खाली घातली, तिला लाज वाटू नये म्हणून. पाण्याचे माठ मात्र तेव्हाही दोनच होते, तेही सांगितलं पाहिजे. ऊन सगळ्यांना एक, तहान सगळ्यांना एक, माठ दोन.

पारूबाई गाते हे सिंधुला या माळावर कळलं. घरात कधी तोंड उघडत नव्हती, आणि इथं घण हातात आला की तिचा आवाज आपोआप सुटायचा. भरदार, थोडा खरखरीत, आणि आळशी. म्हणजे ठेका पुढं जाऊ द्यायचा आणि आपण सावकाश मागून यायचं, असा. गाणी तिची तीच जुळवायची.

"खडी फोडताना बोट माझं ठेचलं गं,
भीमाचं नाव म्या येकेक अक्षर वेचलं गं."

मुकादम लिंबाजी चटकन वर्दळीवर येणारा माणूस होता, पण डोकं होतं त्याला. पारूबाई गायला लागली की घण एका दमात पडतात आणि संध्याकाळी ढीग मोठे होतात, हे त्यानं हेरलं. मग तोच हाळी द्यायचा, "पारूबाई, गप कामून बसल्या? गळा काय घरी ठिवून आल्या का?"

त्र्याहत्तरच्या एप्रिलात बाबासाहेबांची जयंती आली. गावात जाऊन जयंती करायची तर हजेरी बुडणार, आणि दुसऱ्या दिवशी खडी मोजायला साहेब येणार. तेव्हा ठरलं की जयंती माळावरच करायची, काम करता करता. सकाळी निघताना सिंधुनं फळीवरची बरणी खाली ठेवली आणि पेटी काखोटीला मारली. पारूबाईनं बघितलं आणि त्या दीड वर्षात पहिलं सरळ वाक्य बोलली. "दोघी धरू. येकटीला जड जाईल."

माळावर पेटी उघडली तर भात्याचा निकाल लागलेला. अडीच-तीन वर्षं हात नाही, त्यात तसलं ऊन. भात्याचं कातडं घड्याघड्यांवर तडकलं होतं. सिंधुनं भाता दाबला, पट्टीवर बोट ठेवलं, सूर निघाला आणि निघाला तसा फुस्स झाला. वारा भेगांतून पळून जात होता. सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून बघितले, तरी तेच. सूर यायचा, पण राहायचा नाही.

"ऱ्हाऊ द्या," लिंबाजी म्हणाला. "बिगर पेटीची जयंती करू. घण थांबू देऊ नका, उद्या माप हाय."

पारूबाईनं गाणं धरलं. घण पडायला लागले. शंभर-सव्वाशे घण एकदम पडले की पेटी काय, ढोलसुद्धा ऐकू जाणार नाही. सिंधुनं दोनतीनदा घणाबरोबर पट्टी दाबून बघितली, तिचं तिलाच ऐकू आलं नाही. पण घण वर उचलला जातो तेव्हा, तेवढ्यापुरती, माळावर शांतता असते. सिंधुनं त्या फटीत बोटं टाकली. टाकली आणि उचलली, कारण ठेवून तरी काय करणार, सूर राहतच नव्हता. घण पडला, पेटी बोलली. घण पडला, पेटी बोलली. आणि त्या दोघांच्या मागून पारूबाईचा आवाज आपल्या मर्जीनं, खांद्यावर पदर टाकत निवांत यावं तसा.

काय झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. बायांचे खांदे हलायला लागले. ज्या घणानं सकाळपासून मनगटं भरून आली होती तो हलका वाटायला लागला. म्हाताऱ्या साखराबाईनं घण ठेवून दोन गिरक्या घेतल्या आणि लिंबाजी तिच्यावर ओरडायचं विसरला.

संध्याकाळी मात्र सिंधुच्या पुढ्यात ढीग नव्हता. दिवसभर तिनं पेटी वाजवली होती, खडी फोडणार कधी? लिंबाजी मापाची चौकट घेऊन ओळीनं येत होता. सिंधु उठून उभी राहिली, गैरहजेरी ऐकायच्या तयारीनं. तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून सरजाबाई आली. तिनं आपल्या ढिगातली एक पाटी भरली आणि सिंधुच्या पुढ्यात ओतली. तिच्या मागून साखराबाईनं ओतली. मग पार्वतीबाईनं. एकूण नऊ जणींनी नऊ पाट्या ओतल्या. लिंबाजीनं चौकट लावली, माप भरलं. "हजर," त्यानं लिहिलं.

त्या दिवसापासून काम संपेपर्यंत, तीनचार महिने, रोज संध्याकाळी त्या नऊ जणी एकेक पाटी ओतत राहिल्या, आणि सिंधु रोज पेटी वाजवत राहिली. फळीवरची बरणी पारूबाईनं स्वतःच्या हातानं चुलीमागं नेऊन ठेवली.

पुढं दुष्काळ हटला, पण ठेका राहिला. लोक त्याला खडीचा ठेका म्हणायला लागले. जयंत्या, नामकरणं, लग्नं, आज शिरूर तर उद्या अहमदपूर, परवा उदगीर. पार्टी म्हणजे दोघीच. पारूबाई आणि सिंधु, आणि घणाच्या जागी पारूबाईच्या हाताची टाळी. लोक विचारायचे, बाकीची पार्टी मागून येणार हाय का? पारूबाई म्हणायची, "आली ती येवढीच. बसा." एसटीत पेटी सिंधुच्या मांडीवर असायची आणि प्रत्येक कंडक्टर तिचं लगेज फाडायचाच. "मांडीवर हाय की हो," असं सिंधु दर वेळी म्हणायची आणि दर वेळी पैसे द्यायची. शेषेराव घरी भाकऱ्या भाजायला शिकला. चांगल्या भाजायचा, असं पारूबाई चारचौघांत सांगायची, आणि तो तोंड फिरवून हसायचा.

धर्माबादला मिरचीच्या बाजारात कार्यक्रम झाला तेव्हा समोर निम्मे हमाल तेलुगू बोलणारे. शब्द कळेना, पण पोत्यांवर हातांनी घण धरला त्यांनी. एकेक गाणं तीनतीनदा घ्यायला लावलं. परतताना एक जण मिरचीची पिशवी देऊन गेला. आठ दिवस सगळं घर शिंकत होतं.

आणि मग कंधार.

सत्याहत्तर साली कंधारला गायन पार्ट्यांचा मुकाबला ठेवला होता. निकाल द्यायला ईश्वरप्पा मास्तर. उदगीरकडचे, संगीत शिकवून निवृत्त झालेले, पांढरंशुभ्र धोतर, कानाचे पक्के. माणूस खोटा नव्हता, हे सिंधुसुद्धा मान्य करायची. तिथं पद्धत अशी होती की गाण्याआधी पुकारणारा गुरूचं नाव विचारायचा. सिंधुनं कानाला हात लावला आणि सांगितलं, "माझे वडील, ग्यानोबा." मग दोघींनी गायलं. जीव ओतून गायलं. लोकांनी टाळ्याही दिल्या.

ईश्वरप्पा मास्तर माइकपाशी आले. "बाईंचा आवाज उत्तम," ते म्हणाले. "पेटी मात्र ठेक्याच्या मागं पडते. याला बेताल म्हणतात. वडिलांनी सूर शिकवला, ताल शिकवायचा राहून गेला असं दिसतं."

मैदान हसलं. वाईट मनानं नाही, मास्तर बोलले म्हणून हसलं. पण सिंधुला बाकी काही ऐकू आलं नाही. बापाचं नाव तिनं कानाला हात लावून घेतलं होतं, आणि त्या नावावर हजार माणसं हसली होती. स्वतःवर हसलेलं तिनं सोसलं असतं. एसटी अहमदपूरला आली. तेव्हा ती म्हणाली, "वैनी, म्या माझ्या बापाला बट्टा लावला."

"मास्तराला काय कळतंय!" पारूबाई म्हणाली.

"त्येला कळतंय. तेच तर."

पंधरा दिवसांत सिंधुनं कानातली फुलं मोडली आणि नांदेडच्या कारागिराकडून पेटीला नवा भाता बसवून घेतला. दोष भात्यात आहे, फुटक्या भात्यामुळं हाताला वाईट वळण लागलं, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. नवा भाता काय होता म्हणता! बोट ठेवलं की सूर लांब, गुळगुळीत, तुटायचं नाव नाही. आता सिंधु रीतीप्रमाणं वाजवायला लागली, पारूबाईच्या आवाजाखाली सूर अंथरून, ठेक्याला ठेका धरून. बिनचूक.

आणि धर्माबादचे तेच हमाल दुसऱ्या गाण्याला उठून चहा प्यायला गेले.

चूक कुठंच नव्हती आणि गाणं मेलं होतं. दोन वर्षं सिंधुनं हट्ट सोडला नाही. बोलावणी कमी होत गेली. उदगीरनं बोलावलं नाही, अहमदपूरनं दुसरी पार्टी बघितली. पारूबाई शेवटी न राहवून बोलली, "सिंधुबाई, पेटी बरी झाली आन गाणं आजारी पडलं."  सिंधुला ते कळत नव्हतं असं थोडंच होतं! पण जुनं वाजवावं तर बेताल, नवं वाजवावं तर निर्जीव. मधल्या मधे बापाचं नाव तसंच, कंधारच्या मैदानावर पडलेलं.

ऐंशीच्या दिवाळीत अण्णाराव गावी आला. साखराबाईचा हा नातू औरंगाबादला कॉलेजात शिकत होता. वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खोलीत आफ्रिकेतला एक विद्यार्थी होता, त्याच्याकडून त्यानं एक टेप आणली होती, वाजवायच्या यंत्रासकट. "आत्या, जरा ऐका," म्हणून तो दोघींच्या पुढ्यात बसला. समुद्रापलीकडं कुठलंसं बेट, तिथल्या काळ्या माणसांचं गाणं. रेगे म्हणतात त्याला, अण्णाराव म्हणाला. पारूबाईनं तोंडाला पदर लावला, हसू आलं तिला. सिंधु हसली नाही. ती पुढं सरकली, आणखी पुढं सरकली, यंत्राला कान लावून बसली.

गाणाऱ्याचा आवाज सावकाश मागून येत होता. आणि पेटीसारखं जे काही वाजत होतं, ते ठेक्यावर वाजतच नव्हतं. ठेका पडायचा, आणि मधल्या मोकळ्या जागेत ते बोलायचं. बोलायचं आणि उचलायचं.

"यांनी बी खडी फोडलेली दिसती," सिंधु म्हणाली.

 अण्णारावनं सांगितलं की या माणसांच्या आज्या-पणज्यांना साखळदंड घालून जहाजातून नेलं होतं, ऊस तोडायला. गुलाम होते ते. आता त्यांची गाणी सगळं जग ऐकतं.

"आन त्यांच्या पेटीला कुणी बेताल म्हनत न्हाई?"

"नाही आत्या. मुद्दामच वाजवतात तसं. शिकतात लोक ते."

टेप संपली. सिंधुनं ती पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा, पुन्हा. अण्णारावच्या यंत्रातले सेल उतरले तेव्हा ती उठली, पाठीमागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मोकळी रडली. आपण बेताल नव्हतो. आपण एकट्या नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी शेषेरावाच्या अंगणात घणाचा आवाज यायला लागला. पारूबाई उंबऱ्यासमोर दगड घेऊन बसायची आणि घण मारायची. सिंधु समोर पेटी घेऊन. पहिल्यांदा भाता फुटका होता म्हणून सूर आपोआप तुटत होता, आता भाता धडधाकट होता आणि सूर तोडायचा तो बोटांनी, समजून उमजून. ते फार अवघड. बोट जरा रेंगाळलं की फट बुजायची. पारूबाई घण थांबवून म्हणायची, "उशीर. परत." दीड वर्ष हे चाललं. अंगणातला एक अख्खा धोंडा संपला त्यात.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला कचेरीच्या कामासाठी घातलेल्या खेपा संपल्या म्हणून लोकांना कोण आनंद! लातुरात समारंभावर समारंभ होत होते, त्यातल्या एका समितीनं ठरवलं की नव्या जिल्ह्याच्या सगळ्या भागांतले कलावंत एका मांडवात आणायचे. उंबरवाडीला कागद आला. खाली परीक्षण करणाऱ्याचं नाव: ईश्वरप्पा मास्तर.

"पुन्हा त्येच्यापुढं?" पारूबाई म्हणाली. "न्हाई जायचं. पुन्हा हसले तर?"

"हसले तर हसले. पन त्या मास्तरानं जे बोलायचं ते ऐकल्याबिगर बापाच्या नावावरचं ते निघत न्हाई, वैनी. दुसऱ्या कुणी पुसून ते पुसलं जात न्हाई."

कागदावर रकाने होते. नाव, गाव, वाद्य, गुरू. अण्णाराव सुट्टीवर होता, तोच लिहायला बसला. गुरूच्या रकान्यापाशी त्यानं पेन थांबवला. सिंधु सांगत गेली आणि तो लिहीत गेला. रकाना पुरेना म्हणून कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं.

मांडव गच्च भरला होता. लिंबाजीनं उंबरवाडीहून बायांची अख्खी गाडी भरून आणली होती. सरजाबाई आता साठीला आलेली, पदर अजून तसाच नाकापर्यंत. पहिल्या रांगेत खुर्चीवर ईश्वरप्पा मास्तर, पांढरं धोतर, हात मांडीवर. समितीनं तबला दिला होता, तो घ्यावाच लागणार होता. सिंधुनं तबलेवाल्याला एकच सांगितलं, "तुम्ही घण हाव. पडायचं तिथं पडा, मधलं माझ्यासाठी मोकळं सोडा." समजूतदार माणूस होता, मान हलवली त्यानं.

पुकारणाऱ्यानं कागद हातात घेतला. "उंबरवाडीच्या पारूबाई, गायन. सिंधुबाई, पेटी. गुरू..." तो थांबला, कागद उलटा केला, सुलटा केला. मग वाचायला लागला. "गुरू. सूर: वडील ग्यानोबा." सिंधुनं कानाला हात लावला. "ताल: सरजाबाई."

सिंधुनं कानाला हात लावला.

"साखराबाई." पुन्हा हात. "पार्वतीबाई. नीलाबाई. केराबाई." मांडवात हसू फुटायला लागलं, एवढे गुरू कुणी ऐकले नव्हते. "गयाबाई. धुरपताबाई. गोदाबाई. मैनाबाई." प्रत्येक नावाला सिंधुचा हात कानाकडं जात होता आणि पारूबाईही आता तिच्याबरोबर हात लावत होती. हसू हळूहळू विरलं. पुकारणाऱ्यानं शेवटची ओळ वाचली: "यांनी बहात्तरच्या दुष्काळात उंबरवाडीच्या रस्त्यावर खडी फोडून ताल दिला."

बायांच्या घोळक्यात हालचाल झाली. पार्वतीबाई तीन वर्षांपूर्वी वारली होती, तिची लेक तोंडात पदराचा बोळा कोंबून रडत होती. आपल्या आईचं नाव भोंग्यातून, नव्या जिल्ह्याच्या मांडवात. सरजाबाईनं उभ्या जन्मात पहिल्यांदा चारचौघांत पदर कपाळापर्यंत मागं सारला, नीट बघायला.

तबला पडला. मधल्या जागेत पेटी बोलली. पारूबाई सावकाश मागून आली. "खडी फोडताना बोट माझं ठेचलं गं..."

सिंधु पट्ट्यांकडं बघत नव्हती. तिची नजर मास्तरांच्या मांडीवरच्या हातावर होती. पहिल्या ओळीला तो हात पेटीमागं गेला आणि चुकला. दुसऱ्या ओळीला अधांतरी थांबला. मास्तरांनी डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला हात मांडीवर पडला तो बरोबर घणाच्या जागी, आणि पेटी बोलली तेव्हा तो वर होता. पुढची सगळी गाणी तो हात चुकला नाही. मागं सगळ्या मांडवाचे खांदे हलत होते, पण सिंधुला त्या एका हातापलीकडं काही दिसत नव्हतं.

मास्तर माइकपाशी आले. आता जरा थकले होते, आवाज बारीक झाला होता. "पाच वर्षांपूर्वी कंधारला मी या बाईंना बेताल म्हणालो होतो," ते म्हणाले. "चूक माझी होती. मी पेटी ऐकली, घण ऐकला नाही. ग्यानोबांनी सूर दिला आणि मुलीला ऐकायचा कान दिला, म्हणून तिला माळावर ताल सापडला. अशा बापाला माझा नमस्कार." आणि त्यांनी, ईश्वरप्पा मास्तरांनी, भर मांडवात कानाच्या पाळीला हात लावला.

सिंधुनं पेटीवर डोकं टेकलं. पारूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

परतीची शिरूरची एसटी भरली. सिंधु खिडकीशी, पेटी मांडीवर, शेजारी पारूबाई, आणि पलीकडं, लिंबाजीची गाडी सोडून यांच्याबरोबर आलेली सरजाबाई. कंडक्टर आला, तिघींची तिकिटं फाडली आणि पेटीकडं बोट केलं. "लगेज."

"कशाचं लगेज?" सरजाबाईचा आवाज अख्ख्या गाडीनं ऐकला. "मांडीवर हाय तिच्या. आन नीट बोला जरा, माझी शिष्य हाय ती."

कंडक्टरनं लगेज फाडलंच. सरकारी माणूस, तो तरी काय करणार. सिंधुनं कमरेची पिशवी चाचपायच्या आत सरजाबाईनं आपल्या कनवटीची गाठ सोडली आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले.